टेबलं हलवू या

(आपल्या मंडळाच्या मराठी शाळेच्या वार्षिक पालकसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. छापताना थोडी काटछाट केली आहे.)



चहा साडेचारला आहे आणि बटाटेवडे गार झाले तर त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटणार आहे, असं मला वहिनींनी आधीच बजावलं आहे. तेव्हा वेळेत संपवतो.

आधी एक कबुली. गेल्या वर्षी याच सभेत मी एक प्रस्ताव मांडला होता. आपल्या शाळेसाठी एक स्मार्टबोर्ड आणि दहा टॅबलेट घ्यावेत, असा. मी पॉवरपॉइंट दाखवलं, तीन कंपन्यांची कोटेशनं दाखवली, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि निम्मे पैसे जमलेसुद्धा. आज मी उभा आहे तो माझाच प्रस्ताव मागे घ्यायला. (हशा)

हसा, हसा. कन्सल्टंट लोक आधी एक सल्ला देतात आणि मग तो बदलण्याचेही पैसे घेतात, अशी आमची ख्याती आहेच. पण आजचा सल्ला फुकट आहे.

मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, पोट आय.टी.वर. सोमवारी पहाटे ओहेअरवरून विमान पकडायचं, गुरुवारी रात्री परतायचं. रविवारी सकाळी दोन तास मात्र मी सात-आठ वर्षांच्या मुलांचा गट शिकवतो. गटात पंधरा मुलं, त्यातली एक माझीच मुलगी. पहिलं वर्ष मी फार हौसेनं शिकवलं. मुळाक्षरांची स्लाइड, बाराखडीचं ॲनिमेशन, 'क'वर क्लिक केलं की कमळ उमलतं वगैरे. मुलं ओळीत बसायची, मी पुढे उभा. वर्षअखेरीला बहुतेकांना वाचता येऊ लागलं आणि मी खूश झालो.

मे महिन्यात माझी आई आली. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तिनं एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी दोनशिक्षकी शाळेत. म्हणजे चार इयत्ता आणि दोन गुरुजन. ती एका रविवारी माझ्या वर्गात मागच्या खुर्चीवर येऊन बसली. परत येताना गाडीत काही बोलेना. शेवटी मीच विचारलं, "कसा वाटला वर्ग?"

म्हणाली, "अरे, छान बोलतोस तू. पण दोन तास तूच बोलत होतास की! पोरं कधी बोलणार?"

मला राग आला. पण आम्हा लोकांना आकडे मांडल्याशिवाय राग पूर्ण येत नाही. रात्री हिशेब केला. एकशेवीस मिनिटं, त्यातली वीस हजेरी आणि खाऊची. राहिली शंभर. त्यात मी निदान सत्तर मिनिटं बोलतो. उरली तीस. मुलं पंधरा, आणि एका वेळी एकच मूल उत्तर देणार. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून दोन मिनिटं! आणि त्या दोन मिनिटांत काय, तर "हो", "नाही" आणि "मे आय गो टु द बाथरूम?" आमच्या भाषेत सांगायचं तर माझा वर्ग एकाच धाग्यावर चालणारा प्रोग्रॅम होता. एक काम संपल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही. तीच मुलं तिघातिघांत बसून एकमेकांशी बोलली, तर त्याच तीस मिनिटांत प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात. मुलं तीच, खोली तीच, पैसा शून्य. फक्त टेबलं हलवायची.

मग मी या विषयाच्या मागे लागलो आणि लक्षात आलं की हे सगळं आपल्याच गावात, शिकागोत, सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या ध्यानात आलं होतं. जॉन ड्युई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली. त्यांनी लिहून ठेवलं आहे की शाळेसाठी बाकं घ्यायला ते गावभर फिरले, पण मनासारखी मिळेनात. अखेर एक दुकानदार, त्यातल्या त्यात हुशार, त्यांना म्हणाला की तुम्हाला हवी आहेत ती मुलांनी काम करायची बाकं, आणि बाजारात आहेत ती सगळी ऐकायची. मला हे वाचून घाम फुटला. माझा रविवारचा वर्ग तसाच होता, ऐकण्यासाठी मांडलेला.

दुसरी गोष्टही आपल्या शेजारची. आपल्यापैकी बऱ्याच जणांना अर्ध्या-पाऊण तासाच्या ड्राइव्हवर विनेट्का आहे. तिथली क्रो आयलंड शाळा १९४० साली सुरू झाली. एलिएल सारिनेन आणि त्यांचा मुलगा एरो हे तिचे वास्तुरचनाकार, आणि त्यांच्या जोडीला शिकागोचे तरुण पर्किन्स, व्हीलर आणि विल. त्या वेळचे तिथले शिक्षणप्रमुख कार्लटन वॉशबर्न. पर्किन्स यांनी नकाशा काढण्याआधी वर्गांत बसून मुलं आणि शिक्षक काय करतात ते पाहिलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हणतो आणि बहुतेक वेळा ते न करताच कोड लिहायला बसतो!

त्यातून काय निघालं? वर्ग चौकोनी नाही, इंग्रजी 'एल' अक्षरासारखा. एका भागात मुख्य वर्ग, दुसऱ्या भागात हातानं काम करायची जागा आणि सिंक. प्रत्येक वर्गाला स्वतःचं स्वच्छतागृह आणि बाहेर स्वतःचं छोटं अंगण. खिडक्या दोन बाजूंना. दिव्याची बटणं मुलांच्या हाताला येतील इतकी खाली. त्या काळी वर्गाची छतं उंच असत, इथे ती नऊ फुटांवर आणली, म्हणजे लहान मुलाला ती जागा आपल्या मापाची वाटावी. सभागृहातल्या खुर्च्यासुद्धा पुढे लहान, मागे मोठ्या. १९९० साली या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. मी एका शनिवारी मुलीला घेऊन बाहेरून पाहून आलो. मुलगी म्हणाली, "बाबा, दिस लुक्स लाइक अ हाउस." बांधणाऱ्यांना ते ऐकून बरं वाटलं असतं.

आता कुणी म्हणेल, हे लहान मुलांचं झालं. तर थोडं पुढे जाऊ. १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइकनर यांनी फिजिक्सच्या मोठ्या वर्गाची मांडणी बदलली. सात फूट व्यासाची गोल टेबलं. एका टेबलाला नऊ विद्यार्थी, म्हणजे तिघांचे तीन गट. चारही भिंतींना फळे, आणि शिक्षक मधे हिंडणार. वर्गाला 'पुढची बाजू'च नाही. टेबल सातच फुटांचं का? फार मोठं केलं तर पलीकडच्याचं बोलणं ऐकू येत नाही, फार लहान केलं तर वह्या आणि लॅपटॉप मावत नाहीत. साधं टेबल, पण त्यामागे इतका विचार.

हीच कल्पना एम.आय.टी.मध्ये जॉन बेल्चर यांनी २००१ पासून राबवली. तिथल्या फिजिक्सच्या लेक्चरना टर्म संपता संपता निम्मी मुलंसुद्धा येत नसत आणि नापासांचं प्रमाण शिक्षकांना खटकत होतं. नवीन खोलीत तेरा टेबलं, प्रत्येकी नऊ विद्यार्थी. आणि मंडळी, २००३ साली विद्यार्थ्यांनी चक्क सह्या गोळा करून याच्याविरुद्ध अर्ज केला! आम्हाला आमची जुनी लेक्चरं परत द्या म्हणून. पुढे नापासांचं प्रमाण खाली आलं आणि पद्धत टिकली. पण तो अर्ज मला महत्त्वाचा वाटतो. ऐकत बसणं सोपं असतं. तीनजणांत बसल्यावर लपायला जागा राहत नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की भिंती पाडा, गोल टेबलं आणा, झालं काम. तसं नाही. १९६० आणि ७० च्या दशकात अमेरिकेत भिंती नसलेल्या शाळांची लाट आली होती. मोठा हॉल आणि त्यात चार-चार वर्ग. काही वर्षांत शिक्षकांनी कपाटं आडवी लावली, मग पडदे आले आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी भिंती परत बांधल्या. मुख्य कारण आवाज. शिवाय इमारत बदलली तरी शिकवण्याची पद्धत जुनीच राहिली. एका हॉलमध्ये चार जणांनी एकाच वेळी लेक्चर दिल्यावर दुसरं काय होणार?

आमच्या धंद्यातही हेच झालं. १९६८ साली रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी ऑफिसातल्या माणसाला मोकळेपणा मिळावा म्हणून हव्या तशा हलवता येणाऱ्या पार्टिशनांची रचना बाजारात आणली. तिचं पुढे काय झालं? क्युबिकल! मी आज ज्या खुराड्यात बसतो ते. तेव्हा फर्निचरवर फार विश्वास ठेवू नका, हे मी स्वानुभवानं सांगतो.

आवाजाचा मुद्दा आपल्या मुलांच्या बाबतीत तर दुप्पट महत्त्वाचा. अमेरिकेत वर्गांच्या ध्वनिव्यवस्थेचं एक मानक २००२ साली आलं. त्याप्रमाणे नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा आणि आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आत असावा. का? खोली घुमली की व्यंजनं एकमेकांत मिसळतात. जी भाषा रोज कानावर पडते तिच्यातले गाळलेले आवाज आपण अंदाजानं भरून काढतो. पण आपल्या मुलांना 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' आधीच ओळखायला अवघड. घुमणाऱ्या खोलीत 'बाळ' आणि 'बाल' एकच. उपाय महाग नाहीत. खाली जाड सतरंजी, दाराच्या फटीला पट्टी आणि खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे जुने चेंडू कापून लावायचे. ते तुम्ही मुलांच्या शाळांत पाहिले असतील. मी बरेच दिवस समजत होतो की ते फरशी खराब होऊ नये म्हणूनच आहेत!

सतरंजीवरून आठवलं. हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहानं सांगत होतो, मूव्हेबल फर्निचर, फ्लेक्सिबल स्पेस वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बस्कर!" तिच्या शाळेत मुलं बस्करावर बसायची. सकाळी परिपाठाला गोल, गणिताला चार-चार जण, गोष्टीला बाईंच्या भोवती, ऊन आलं की सगळी उचलून कडुलिंबाखाली. गुंडाळलं की खोली रिकामी. चार इयत्ता एका खोलीत असताना ती एका इयत्तेला शिकवायची आणि चौथीतली मुलं पहिलीच्या मुलांचं वाचन घ्यायची. त्याला 'पीअर लर्निंग' म्हणतात हे तिला निवृत्त झाल्यावर माझ्याकडून कळलं. ती म्हणाली, "आम्ही त्याला शिक्षक कमी आहेत असं म्हणायचो."

गंमत बाजूला ठेवू. गरिबीचं कौतुक मला करायचं नाही. तिच्या शाळेत पत्रे गळायचे आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. पण विचार आपल्याकडेही झाला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शिक्षिकांनाच वस्तीतल्या अंगणात पाठवलं. 'अंगणवाडी' हा शब्द आणि कल्पना तिथली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव 'कुरणशाळा'. मूल जिथे आहे तिथे वर्ग. याहून मोठी नवी कल्पना मला अजून कुठल्या कॅटलॉगात सापडलेली नाही.

अलीकडचंही सांगतो. दिल्लीचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी शाळेची इमारत हेच शिकण्याचं साधन करायची पद्धत रुजवली. दार उघडतं तिथे खाली जमिनीवर कोनमापक रंगवायचा, की दार उघडता उघडता मुलाला कोन दिसतात. आणि आमच्याच सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं शिक्षकांनी ज्ञानरचनावाद प्रत्यक्षात आणला. फरशीवर आखलेली तक्ते-चौकटी, मुलांच्या उंचीचे फळे, मुलं जमिनीवर गटागटानं काम करताहेत. ते पाहायला राज्यभरातले शिक्षक येत राहिले. यात महागडं काय आहे सांगा.

तर आता आपला प्रयोग. गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सहा रविवार आम्ही माझ्या गटावर हे करून पाहिलं. तीन-तीन डेस्कं जोडून पाच गट केले. पहिल्या रविवारी काय झालं ते खरं सांगतो. मुलं भरपूर बोलली. सगळीच्या सगळी इंग्रजीत. आणि इतका गोंगाट, की शेजारच्या वर्गातल्या काकू येऊन बघून गेल्या. मी हताश झालो. ओळींमध्ये निदान शांतता तरी होती.

आई म्हणाली, "त्यांना मराठीची गरजच पडली नाही, तर ती कशाला बोलतील?" हे अगदी खरं होतं. टेबलं हलवल्यानं बोलायला वाट मिळते, पण मराठीत बोलायचं कारण मिळत नाही. ते कारण कुठून आणायचं? उत्तर आपल्या घरात सोफ्यावर बसलेलं होतं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आपले आई-वडील. दिवसभर मालिका बघून कंटाळलेले, गाडी चालवता येत नाही म्हणून घरात अडकलेले. पाच टेबलांना पाच आजी-आजोबा बसवले. किल्ल्याचं चित्र फक्त आजीकडे, आणि पुठ्ठा, चिकणमाती, कात्री फक्त मुलांकडे. चित्र मुलांना दाखवायचं नाही, विचारलं तरच सांगायचं, आणि आजीला इंग्रजी येत नाही. यातले एक आजोबा स्टेट बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी तीन रविवार नाटक निभावलं. चौथ्या रविवारी फोनवर बोलताना पकडले गेले! तोपर्यंत मुलांना सवय लागली होती.

त्या चौथ्या रविवारी माझी मुलगी त्यांना विचारत होती, "आजोबा, बुरूज गोल का असतो? चौकोनी का नाय?" आजोबा सांगत होते की गोलाला कोपरा नसतो, तोफेचा गोळा घसरून जातो आणि शत्रूला आडोसा मिळत नाही. घरी मी मराठीत विचारलं तर ही मुलगी इंग्रजीत उत्तर देते. प्रश्न ती कधीच मराठीत विचारत नव्हती. मी दाराशी उभा होतो. पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आणि बोलायची गरजही नव्हती.

सगळंच जमलं असं नाही. एक मुलगा गटात बसायलाच तयार नव्हता. त्याला आम्ही खिडकीशी एक खुर्ची आणि गोष्टींची पुस्तकं दिली. दोन रविवार तो तिथेच होता, तिसऱ्या रविवारी आपणहून माती मळायला आला. म्हणजे वर्गात एक एकटा कोपरासुद्धा लागतो. अक्षर वळवायला प्रत्येकानं एकट्यानंच बसायचं आहे, त्याला गट कामाचा नाही. आणि एका रविवारी आम्ही डेस्कं परत जागेवर लावताना चुकलो. सोमवारी शाळेच्या ऑफिसचा फोन आला आणि आपले अध्यक्ष कसं तरी सावरून घेते झाले. चूक माझी होती. आपण भाड्यानं राहतो, जागा होती तशी परत करणं ही आपली जबाबदारी.

तेव्हा माझा नवा प्रस्ताव असा:

एक, स्मार्टबोर्ड आणि टॅबलेटची खरेदी थांबवावी. ज्यांनी पैसे दिले त्यांना विचारून ते पुस्तकं, सतरंज्या, हलके फळे आणि वर्गात लागणाऱ्या सामानाकडे वळवावेत.

दोन, प्रत्येक वर्गात तिघांचे गट, एक एकटा कोपरा आणि तासातला थोडा वेळ तरी शिक्षकानं गप्प बसायचं. शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

तीन, आलेल्या आजी-आजोबांची यादी करावी. त्यांना आणायची-सोडायची जबाबदारी पालकांनी वाटून घ्यावी. त्यांना 'मदतनीस' म्हणू नका. त्या टेबलावर मराठीची गरज निर्माण करणारी ती एकमेव व्यक्ती आहे.

चार, दर रविवारी चार पालक पंधरा मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं नंतर. आधी खोलीचा फोटो काढायचा, नंतर फोटोप्रमाणे खोली लावायची.

पाच, जुने टेनिसचे चेंडू टाकून देऊ नका, मला द्या.

आई नोव्हेंबरमध्ये परत गेली. दर रविवारी रात्री तिचा फोन येतो, म्हणजे तिच्याकडे सोमवार सकाळ. जेवलास का, थंडी किती, हे नंतर. आधी एकच प्रश्न: "आज किती पोरं बोलली?" पूर्वी मी गोलमाल उत्तर द्यायचो. आता वहीत खुणा करून ठेवतो आणि खरा आकडा सांगतो. कधी बारा, कधी सात. सात सांगितल्यावर ती विचारते, "उरलेली आठ कुठं बसली होती?" तिला अजूनही खोलीचा नकाशा लागतो.

झालं माझं. वडे गरम आहेत, खाऊन घ्या. पण चहा झाल्यावर लगेच गाडीकडे जाऊ नका. पुढच्या रविवारची मांडणी एकदा सगळ्यांनी मिळून करून बघायची आहे. पलीकडच्या खोलीत पंधरा डेस्कं ओळीत उभी आहेत. दोन-दोघे या, टेबलं हलवू या.